समोरची खुर्ची

धान कापून झालं की आमचा मुलूख एकदम मोठा होतो. पावसाळाभर धानाआड दडलेली गावं एकमेकांना दिसायला लागतात. परवापर्यंत दवनीवाड्याच्या वाटेवर आधी हिरवा, मग पिवळा पडदा होता. आता तिकडून येणारी सायकल लांबूनच दिसते, सायकलवाला कोण तेही दिसतं, आणि त्याचं पोट यंदा वाढलं की उतरलं हेसुद्धा. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या चौकोनी शेतांमध्ये, नुसती खुंटं उरतात. खळ्याकडून तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, वास येतो. उन्हात वाळत घातलेल्या गोधडीचा असतो तसला, गोडसर आणि जरा कुबट. सकाळी अंगावर काटा येतो, दुपारी सदरा काढावासा वाटतो, आणि ज्याच्या घरी बोलायला कोणी नाही त्याला चारनंतरचं ऊन फार लांब वाटतं.

मग मंडईचे दिवस येतात. बाकी महाराष्ट्रात मंडई म्हणजे भाजीबाजार असतो म्हणे. आमच्याकडे ती जत्रा. भाऊबीज झाली की आज या गावी, उद्या त्या गावी. पाळणे, जिलेबी, नाटक, आणि आमच्या चार गावांच्या पट्ट्यात फुटबॉल.

यंदाही परवा ऑटोवर भोंगा बांधून एकजण गावातून ओरडत गेला. "नवीन स्टेडियमवर भव्य फुटबॉल सामने! बसण्याची उत्तम सोय! उभे राहण्याची उत्तम सोय!" मी दारात उभा राहून ऐकलं. आवाज बरा होता, पण श्वास चुकीच्या जागी घेत होता. "उभे राहण्याची" एवढं आमच्या दारात म्हणाला आणि "उत्तम सोय" पुढच्या चौकाला मिळाली. मला हे कळतं, कारण जन्मभर मी हाच धंदा केला. लग्न असो की तेरवी, पंचक्रोशीत मंडप, सतरंज्या, खुर्च्या आणि माइक माझा. लोक मला भोंगाच म्हणतात. आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे.

ऑटोच्या मागोमाग डुलीचंद आला. डुलीचंद म्हणजे आमच्या गावचा किराणावाला, सामन्यांच्या समितीचा खजिनदार आणि शाळेपासूनचा माझा दोस्त. स्कूटरवरून न उतरता त्यानं खिशातून पास काढला.

"हे घे बे भोंग्या. खुर्चीचा हाय. सावलीतला."

पास एकच होता.

"दुसरा?"

"दुसरा कोनाचा?" तो म्हणाला. "आता तू एकटाच ना रे बाबा. दोन कायले?"

पुण्याकडे म्हणे हाच प्रश्न विचारायला लोक दोन-तीन वाक्यांचा वळसा घेतात. आमच्याकडचे रस्ते सरळ आहेत, गाडी थेट अंगावर येते.

"दोन दे," मी म्हटलं. "आन् मी एकावरबी बसणार नाही."

"डोकं फिरलं का तुयं?"

"उतर. चहा घे. सांगतो."

"दुकान उघडं टाकून आलो ना बे!" असं म्हणत तो गेलासुद्धा.

त्याला वेळ नव्हता. तुम्हाला आहे असं धरून मी खुर्ची ओढतो. माझ्याकडे खुर्च्यांची कमी नाही.

आमचं जुनं मैदान म्हणजे गावाचा आखर. सकाळी रानात जायच्या आधी गुरं जिथं जमतात ती मोकळी जागा. तिच्या पश्चिमेला धुरा, म्हणजे शेताचा उंच, रुंद बांध. पूर्वेला बोडी, म्हणजे गावचं छोटं तळं, आणि बोडीची मातीची पाळ. सामन्याच्या दिवशी धुऱ्यावर पुरुष उभे राहत आणि पाळीवर बायका. हे कोणी ठरवलं ठाऊक नाही, पाटी वगैरे नव्हती. पाळीवर बाभळीची सावली आहे म्हणून बायका तिकडे गेल्या, असं पुरुष सांगत. धुऱ्यावरच्या शिव्या तिथवर पोचत नाहीत म्हणून गेलो, असं बायका सांगत. दोन्ही खोटं होतं. सावली दुपारनंतर सरायची आणि शिव्या बरोबर पोचायच्या.

आता उभं राहून सामना पाहणं म्हणजे काय, हे ज्यांनी टीव्हीवर सामने पाहिले त्यांना सांगावं लागेल. आमच्याकडे उभे राहणारे उभे राहतच नसत, ते चालत. चेंडू उत्तरेच्या गोलकडे निघाला की धुऱ्यावरची सगळी जत्रा उत्तरेकडे निघायची. चेंडू फिरला की तीही फिरायची. कोणी कोणाला "चला" म्हणत नसे. खांद्याला खांदा लागायचा आणि पाय आपोआप उचलायचे. पलीकडे पाळीवर बायकाही तशाच सरकायच्या, फक्त जास्त शिस्तीनं, कारण एका बाजूला पाणी होतं. संध्याकाळी खेळाडू ताजेतवाने घरी जात आणि प्रेक्षकांच्या पिंढऱ्यांना तेल लावावं लागे.

या जत्रेच्या पुढे मी. हातात माइक, माइकला लांबलचक वायर, वायरीचं दुसरं टोक मारुतीच्या देवळात. मी बोलत चालायचो आणि वायर माझ्यामागे सरपटत यायची. एकदा ती ओढत मी गोलच्या मागून गेलो, तर तिच्यात पाय अडकून देवरीच्या पाहुण्या संघाचा गोलकीपर पडला आणि गोल झाला. तो गोल भोंग्याच्या नावावर लावावा, अशी सूचना डुलीचंदानं भर मैदानात मांडली होती.

खुर्च्या जुन्या मैदानातही असायच्या, माझ्याच दुकानातल्या. पाहुण्यांसाठी त्या धुऱ्याखाली ओळीनं मांडल्या जायच्या. सामना सुरू झाला की त्यांच्यापुढे लोक उभे राहायचे. पाहुण्यांना समोर फक्त पाठी दिसायच्या, निरनिराळ्या रंगांच्या. थोडा वेळ ते मान हलवत कौतुक करायचे, मग कोणाचं लक्ष नाही असं पाहून हळूच खुर्चीवर उभे राहायचे. माझ्या कितीतरी खुर्च्या अशा मान्यवरांच्या पायांखाली वारल्या.

हिरा पाळीवर असायची. हिरा म्हणजे माझी बायको. इतक्या पदरांत तिचा पदर मला लगेच सापडायचा, कारण बाकी बायका चेंडूकडे पाहायच्या आणि ती माइककडे. देवळावरच्या भोंग्याचं तोंड धुऱ्याकडे असल्यानं पाळीवर माझे शब्द नीट पोचत नसत. गोल झाला, मी घसा फोडून ओरडलो, की ती उजवा हात वर करायची आणि पंजा फिरवायची. काय? मग मी खांद्यावरचा दुपट्टा ओढून वर फडकवायचो. गोल! खरं म्हणजे गोल तिच्या डोळ्यांसमोर झालेला असायचा, माझ्यापेक्षा तिला जास्त स्वच्छ दिसलेला. तरी विचारायची. दर गोलला.

मीही काही कमी नव्हतो. सामना रेंगाळला की माइकवरून तिच्याशी संसार करायचो. "पाळीवरच्या प्रेक्षकांनी लक्ष द्यावं! चुलीवर दूध ठेवून कोणी आलं असेल तर त्यांनी घाबरू नये, दूध केव्हाच उतू गेलेलं आहे!" सगळी पाळ हसायची. हिरा कपाळाला हात लावायची. रात्री घरी गेलं की म्हणायची, "लाज नाही वाटत जी, अख्ख्या गावात आपलं दूध सांडता?"

लग्नात आम्ही सोबत चाललो ती पावलं पुरोहितानं मोजून घेतली. बाकीची सगळी आखरावर चाललो. मी धुऱ्यावरून, ती पाळीवरून, मध्ये चेंडू. दर हिवाळ्यात, समोरासमोर, एकाच दिशेनं.

मग बातमी आली की बिरसीच्या रस्त्याला नवीन स्टेडियम होणार. गावोगावच्या लोकांना नकाशा दाखवायला सभा बोलावली. त्या सभेचा मंडप माझा, माइक माझा, आणि लोक ज्यांवर बसले त्या खुर्च्याही माझ्या. नकाशा घेऊन आलेले इंजिनिअर तरुण होते, गोंदिया शहरातले. हिंदीतून बोलले. "चारों तरफ कुर्सी रहेगी. एक आदमी, एक कुर्सी, एक नंबर."

मी माइकपाशीच होतो. माइकपाशी उभा असलेला मी आणि दाण्यांपाशी उभी असलेली कोंबडी, दोघांनाही कोणी आमंत्रण द्यावं लागत नाही.

"साहेब," मी म्हटलं, "बसलेला माणूस टाळी वाजवतो. सामना ओढून नेतो तो उभा माणूस! आमच्या लोकांना खुर्चीत बसवाल आणि चेंडू तिकडच्या टोकाला गेला, तर हे काय करतील? मान फिरवतील? मान तर कोंबडाही फिरवतो!"

टाळ्या पडल्या. मागून डुलीचंद उठला. "याचं आयकू नका साहेब! हा खुर्च्या भाड्यानं देते आन् लोकायले उभं राहा म्हणते! याले का जाते? गुडघे आमचे दुखून राह्यले!"

हशा झाला. इंजिनिअर समजुतीनं म्हणाले, "भैया, खड़े रहेंगे तो धक्का लगेगा ना एक-दूसरे को."

"साहब," मी म्हटलं, "धक्का नहीं लगेगा तो पता कैसे चलेगा कि बाजू में कोई है?"

हे मी टाळ्यांसाठी म्हटलं होतं. टाळ्या मिळाल्याही. वाक्याचा अर्थ मला पुढे, सावकाश कळायचा होता.

शेवटी तडजोड झाली. पश्चिमेला छत आणि खुर्च्या, पूर्वेला नुसत्या पायऱ्या आणि धरायला लोखंडी पाइप. उभ्यांची बाजू वाचली. मी घरी आलो तो युद्ध जिंकल्यासारखा. हिरा अंगणात कुठल्याशा लग्नातून परत आलेल्या खुर्च्यांवरचे हळदीचे डाग पुसत होती.

"जितले का?"

"जितलो! पूर्वेची बाजू उभ्यायची."

"आन् बायका?"

"काय बायका?"

"त्या नकाशात पाळ कोनत्या बाजूले हाय जी?"

मी पुसलेली एक खुर्ची उचलून दुसरीवर ठेवली. तिनं फडकं पिळलं.

"मले खुर्ची पायजे," ती म्हणाली. "दोन. लागून लागून. सारी जिंदगी तुमाले पल्याडून पाह्यलं. एकदा बाजूनं पाहू द्या."

"माझ्याकडे काय पाहायचं? चेंडू पाहावा माणसानं."

"चेंडू तं दिसतेच."

मी विनोदावर नेलं. म्हटलं, "घर खुर्च्यांनी भरलं आहे. मांडू का दोन इथंच अंगणात?"

"त्या लोकायच्या," ती म्हणाली आणि पुढची खुर्ची पुसायला घेतली.

बरोबरच होतं तिचं. आम्ही कितीतरी लग्नांना सोबत गेलो आणि एकाही लग्नात एका ओळीत बसलो नाही. मी तारा जोडत फिरायचो. ती बायकांच्या सतरंजीवर. जेवणाच्या पंगतीतही तिनं शेजारी जागा धरलेली असायची आणि मी कुठल्यातरी खांबावर चढलेलो असायचो.

स्टेडियम सरकारी चालीनं वर येत राहिलं. एकदा बिरसीला तिच्या भाचीकडे चाललो होतो, तर ती म्हणाली, थांबा, पाहू. पश्चिमेच्या पायऱ्या झाल्या होत्या, खुर्च्या लागायच्या होत्या. वर शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं. ते आमच्याकडे सारखंच घालत असतं. पोरं विमान चालवायला शिकतात आणि म्हशी मान वर करायच्या विसरतात. मी मुकादमाशी गप्पा मारत खालीच राहिलो. तो मला पाइप किती जाड आहे ते सांगत होता. हिरा एकटी वर चढली, ऊन कुठवर येतं ते डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि एका पायरीवर नुसत्या सिमेंटवर बसली. बसल्याबरोबर हातातली पिशवी तिनं बाजूला ठेवली. एसटीत ठेवतात तशी, जागा धरायला.

मी खालून हात केला, चल, उशीर होतो आहे. तिनं पंजा फिरवला. काय?

पुढच्या पावसाळ्यात धानाची रोवणी आटोपली आणि हिरा गेली. ताप साधा वाटला होता.

तेरवीला माझ्या खुर्च्या पहिल्यांदा माझ्या अंगणात मांडल्या गेल्या. मांडायला दुसरे लोक होते. मी सवयीनं उठलो तर म्हणाले, तू बस. बसलो. बाजूला डुलीचंद येऊन बसला. तो बसला की आजूबाजूला रिकामी जागा अशी राहत नाही, देवानं त्याला त्या कामासाठीच घडवलं आहे. किराणावाला माणूस, ओल्या हवेत गूळ न्याहाळत बसतो तसा माझ्याकडे अधूनमधून पाहत होता.

लोक गेले, खुर्च्या पुन्हा रचल्या गेल्या. प्लास्टिकच्या खुर्च्या कशा रचतात पाहिलंत ना? एक दुसरीच्या मांडीवर, दुसरी तिसरीच्या. छतापर्यंत. पडवीतून आत यायला आता तेवढी एक वाट उरली आहे, दोन्ही बाजूंना हे मांडीवर बसलेले खांब. एवढ्या खुर्च्या घरात आणि बसणारा मी एक. कुठल्या खुर्चीवर बसावं हेच कधीकधी ठरत नाही, मग मी पायरीवर बसतो.

गेल्या हिवाळ्यात स्टेडियम उघडलं. समितीनं जुन्या मानकऱ्यांना निमंत्रणं पाठवली, "आपण सपत्नीक उपस्थित राहावे," सोबत खुर्चीचे दोन पास. छापणाऱ्यानं एकच मजकूर सगळ्यांना लावला होता. गावातल्या बिनलग्नाच्या मंडळींनाही त्यानं सपत्नीक केलं. ती फार खूश झाली. एकानं तर ते निमंत्रण आईला दाखवून विषय काढला. डुलीचंद माझ्याकडे धावत आला, "भोंग्या, चूक झाली बे, तो पास वापस दे." मी म्हटलं, राहू दे.

आणि मी गेलो. धुतलेला सदरा, खांद्यावर दुपट्टा. पश्चिमेच्या छताखाली खुर्च्या निळ्या होत्या, जमिनीला ठोकून बसवलेल्या. धंद्यातला माणूस म्हणून आधी हलवून पाहिली. हलली नाही. अशी खुर्ची कोणाच्या लग्नात जाणार नाही, रचली जाणार नाही, कोणाच्या मांडीवर बसणार नाही. जिथं आहे तिथंच राहणार. मी एका खुर्चीवर बसलो आणि दुसऱ्या खुर्चीवर दुपट्टा पसरला.

सामना सुरू झाला. देवरीकडच्या पोरांचा संघ आणि शहरातला एक संघ. माइकवाला आता काचेच्या खोलीत होता, नागपूरहून आणलेला, आवाज लोण्यासारखा. त्याला वायर ओढावी लागत नव्हती. चेंडू उत्तरेला गेला. मी मान फिरवली. चेंडू दक्षिणेला आला, मान फिरवली. सभेत जे बोललो होतो ते मला आठवलं. कोंबडा.

आणि समोर? समोर पूर्वेच्या पायऱ्यांवर उभ्यांची बाजू खचाखच भरली होती. समितीला काय सुचलं देव जाणे, त्यांनी उभ्यांच्या पायऱ्यांवरसुद्धा पांढऱ्या रंगानं नंबर टाकले होते. उभं राहायलाही नंबर! आमच्या लोकांनी नंबर पाहिले, पाय जुळवून आपापल्या नंबरावर उभे राहिले, शाळेच्या कवायतीसारखे. चेंडू उत्तरेला निघाला. झालं! सगळी बाजू उत्तरेला निघाली. पहिल्या पाइपाला जाऊन धडकली. चेंडू फिरला, लाट उलटी फिरली, दुसऱ्या पाइपाला धडकली. होमगार्ड शिट्ट्या फुंकत होता. लोण्याचा आवाज विनवत होता, "प्रेक्षकांनी कृपया आपापल्या क्रमांकावर उभे राहावे." प्रेक्षक आपापला क्रमांक कुठल्या कुठे सोडून आले होते. मी एकटाच खुर्चीत हसलो, मोठ्यानं, आणि हसता हसता उजवीकडे वळलो, हे पाहिलंस का म्हणायला.

उजवीकडे दुपट्टा होता.

एवढ्यात एक म्हातारी बाई पायऱ्या चढून आली. हिरव्या नऊवारीचा पदर कंबरेला खोचलेला, पायांवर धूळ.

"भाऊ, इथं कोनी बसते का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हो माय. येऊन राहिले."

खोटं म्हणावं असंही ते मला वाटलं नाही. ती बरं म्हणाली आणि तिथंच पायरीच्या कडेला कठडा धरून उभी राहिली. देवरीहून सकाळच्या बसनं आली होती, नातू खेळत होता. "थो पाहा, लाल चड्डीतला," असं तिनं न विचारता सांगितलं. पण देवरीच्या सगळ्याच पोरांच्या चड्ड्या लाल होत्या. थोड्या वेळानं इकडचा होमगार्ड आला. "माताजी, यहाँ खड़े रहना मना है. कुर्सी पे बैठो." कुर्सी कुठं होती? ती पायरीवर बसली. तर तो पुन्हा आला, "माताजी, सीढ़ी पे बैठना मना है." समोर जायची सोय त्यानं सांगितली, "उधर खड़े रह सकते." तिनं समोर पाहिलं. समोर आमची माणसं पाइपाला धडकत होती.

"इथं बसू देत नाही, उभंबी राहू देत नाही," ती कोणाला उद्देशून नाही, नुसती म्हणाली. "मंग म्या नातवाले कुठून पाहू?"

पाळ कोनत्या बाजूले हाय जी?

मला अगदी स्वच्छ ऐकू आलं. माझ्या उजव्या कानाशी, जिथं हिरा बसणार होती तिथून. आणि पुढचंही आलं. म्हातारी बाई उभी हाय आन् तुमी दुपट्ट्याले खुर्चीवर बसवून राह्यले?

मी दुपट्टा उचलला, झटकला आणि खांद्यावर टाकला. "बसा माय."

"आन् ते येनारे?"

"त्यांनीच सांगितलं."

ती बसली. दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून, जशी सतरंजीवर बसावी तशी. खुर्ची कशी आहे हे बसणाऱ्यावर असतं. मध्यंतराची शिट्टी झाली. मीही उठलो.

"तुमी कुठं चालले?"

"माझी जागा समोर आहे," मी म्हटलं.

गोलच्या मागून वळसा घालून मी पूर्वेला गेलो. तिथल्या होमगार्डनं पास पाहिला. "काका, कुर्सी छोड़ के इधर?" मी म्हटलं, "मध्यंतरानंतर बाजू बदलतात ना रे बाबा." त्यानं मला वेड्यात काढून आत सोडलं. मी पायरीवर उभा राहिलो. लगेच एकाचा खांदा इकडून लागला, एकाचा कोपर तिकडून. "सरका ना काका." सरकलो. मला जागा झाली की मी कोणाची जागा घेतली, काही कळलं नाही. उभ्यांच्या गर्दीचा हा मोठा गुण आहे. कोणी आलं नाही तर दिसत नाही. माणूस गेला की बाजूचे दोघं सरकतात आणि भोक बुजतं, पाण्यात बोट घालून काढल्यासारखं. इतकी वर्षं मला हेच आवडत होतं. त्या दिवशी दोन धक्के खाल्ल्यावर वाटलं, हे फार लवकर बुजतं.

खुर्चीचं तसं नाही. खुर्ची चहाडखोर. जो आला नाही त्याचं नाव ती सगळ्या मैदानाला सांगत बसते.

दुसरा हाफ सुरू झाला. चेंडू उत्तरेला, आम्ही उत्तरेला. पाइपाला धडकलो. माझ्या पिंढऱ्यांना जुनी ओळख पटली. चेंडू फिरला, आम्ही फिरलो, आणि फिरताना मी समोर पाहिलं. छताखालची रांग भरलेली होती. इतक्या लांबून चेहरा ओळखतील असे माझे डोळे राहिले नाहीत. लुगड्यांचे रंगही एकमेकांत मिसळले होते. कोण कुठं बसलं आहे सांगता आलं नसतं. पण रांगेत एका ठिकाणी खाच होती, एक दात पडल्यासारखी. रिकामी खुर्ची. ती माझी. आणि तिच्या बाजूला, इकडून पाहता डावीकडे, एक बाई बसली होती.

आता कळलं का डुलीचंदा, दोन कायले? एक खुर्ची दिलीस तर मी ती कोणा मायला देऊन टाकीन. पण मग समोर उभं राहून त्या गर्दीत तिला शोधू कशी? बाजूला माझी रिकामी जागा नको?

गोल झाला. कोणी केला ते मी पाहिलं नाही. माझ्याभोवतीची माणसं उडत होती, कोणीतरी माझ्या पाठीत गुद्दा घातला, लोण्याचा आवाजही एकदाचा फाटला. पलीकडे सगळ्या रांगांमध्ये हात वर गेले. मी खाच धरून ठेवली, तिथून नजर डावीकडे सरकवली. तिथंही एक हात वर होता आणि हलत होता. नातवाला बोलावत होता, की टाळीसाठी दुसरा हात शोधत होता, की विचारत होता, ते तेवढ्या लांबून कळेना.

मी खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि वर फडकवला.